डेटा कोणाचा आणि अर्थ कोणाचा: शास्त्रज्ञांच्या भांडणांबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा होता. पीएचडी करणाऱ्या एका मुलीने रेडिओ दुर्बिणीवर रात्री जागून निरीक्षणं घेतली, डेटा साफ केला, संस्थेच्या सर्व्हरवर ठेवला, आणि वर्ष व्हायच्या आत दुसऱ्या एका ग्रुपने तोच डेटा वापरून प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापून यायच्या आधीचा पेपर, ऑनलाइन टाकला. हिचं नाव फक्त आभारात, आणि निष्कर्ष हिच्या बरोबर उलटा. ती विचारते, डेटा नक्की कोणाचा, त्यांना तो वापरायचा हक्क होता का, आणि आता मी भांडू की गप्प बसू.

मी रेडिओ खगोलशास्त्रात इतकी वर्षं डेटाचंच काम करत आलोय, आणि असली भांडणं जवळून बघितलीयेत, दोन-तीनदा मध्ये पडून सोडवायचा प्रयत्नही केलाय, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

सगळ्यात आधी, तुमच्याकडे एक नाही दोन भांडणं आहेत. एक म्हणजे माझा डेटा न विचारता वापरला, आणि दुसरं म्हणजे त्यांनी त्याचा चुकीचा अर्थ लावला. ह्या दोन्ही गोष्टी एकाच ईमेलमध्ये, एकाच दमात लिहिल्या की समोरचा माणूस पहिलीचं उत्तर देतच नाही, तो म्हणतो "ह्यांना आमचा निष्कर्ष झोंबला म्हणून आता चोरीचा आरोप करतायत", आणि बघणाऱ्यांनाही ते पटतं. मालकीचं भांडण तारखा आणि नियमांवर सुटतं, अर्थाचं भांडण फक्त आणखी डेटावर सुटतं.

आता मालकी. "डेटा माझा" असं आपण सहज बोलतो पण कायद्याने बघायला गेलं तर नुसत्या मोजमापांवर, वस्तुस्थितीवर कॉपीराइट नसतो, फार तर ती निवडून जुळवून जो डेटाबेस केला असेल त्यावर असू शकतो. वर दुर्बीण सरकारी पैशातली, तुमची फेलोशिप सरकारी, सर्व्हर संस्थेचा. त्यामुळे मालक शोधत बसलात तर उत्तर बहुतेक वेळा संस्था किंवा ज्याने पैसे दिले तो असंच येईल, तुम्ही पण नाही आणि तुमचे गाईड पण नाहीत. पण म्हणून तुमचा काहीच हक्क नाही असं अजिबात नाही. खगोलशास्त्रात जो हक्क खरोखर चालतो तो आधी वापरण्याचा, तोही ठराविक मुदतीपुरता. आपल्या खोडदच्या जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीवर निरीक्षण झाल्यापासून १८ महिने डेटा ज्याचं प्रपोजल, म्हणजे दुर्बिणीचा वेळ मागणारा अर्ज, मंजूर झालं त्या टीमसाठी राखीव असतो आणि मग आर्काइव्हमधून कोणीही मागू शकतो. हबल अवकाश दुर्बिणीला ही मुदत आधी एक वर्ष होती, नंतर साधारणपणे सहा महिन्यांवर आणली. युरोपच्या गाया मोहिमेत तर ज्यांनी वर्षानुवर्षं खपून ताऱ्यांचा कॅटलॉग तयार केला त्यांनाही राखीव मुदत नाही, सगळ्या जगाला एकाच दिवशी मिळतो.

काही लोक म्हणतात जनतेचा पैसा आहे तर मुदत हवीच कशाला. मला हे पटत नाही, आणि कारण तुमच्यासारखे विद्यार्थीच आहेत. प्रपोजल लिहायला महिने जातात, मग कमिटी, मग दुर्बिणीवर टाइम मिळतो, मग रात्री, मग फ्लॅगिंग म्हणजे खराब डेटा खुणा करून बाजूला काढणं, मग कॅलिब्रेशन म्हणजे मोजमापं प्रमाणाशी जुळवणं, आणि हे सगळं करणारी मुलगी कोर्सवर्क पण करत असते, तर तिकडे एखाद्या मोठ्या ग्रुपमध्ये चार पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) आणि डेटा प्रोसेस करणारी तयार पाइपलाइन असते. पहिल्या दिवशी डेटा सगळ्यांना दिला तर आधी पेपर कोणाचा येणार हे सांगायला नको. पण उलट बाजूनेही तेवढंच ठाम सांगतो, मुदत संपली की संपली. दहा दहा वर्षं डेटा दाबून "अजून आमचं विश्लेषण चालूय" म्हणणारे लोक मी बघितलेत आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. २०१० मध्ये दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या नासाच्या केपलर मोहिमेने सुमारे दीड लाख ताऱ्यांचा डेटा खुला केला पण ग्रह असण्याची शक्यता असलेले ४०० तारे टीमला तपासता यावेत म्हणून फेब्रुवारी २०११ पर्यंत मागे ठेवले, तेव्हा केवढा वाद झाला. टीमचं म्हणणं होतं की खोटे ग्रह जाहीर व्हायला नकोत, बाकीच्यांचं म्हणणं होतं की तारखेचा नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. दोन्हीत तथ्य होतं, पण मी दुसऱ्या बाजूचा.

तुमच्या केसशी सगळ्यात जवळची जी खरी घटना आहे ती हौमियाची. नेपच्यूनच्या पलीकडचा हा बटुग्रह. कॅलटेकच्या माइक ब्राउन यांच्या टीमला तो डिसेंबर २००४ मध्ये, त्याच वर्षी मे महिन्यात घेतलेल्या फोटोंमध्ये सापडला. त्यांनी तो जाहीर केला नाही, आधी नीट अभ्यास करू म्हणाले, आणि केलाही, त्याचा चंद्र शोधला, तो जेमतेम चार तासांत स्वतःभोवती फिरतो आणि त्यामुळे लांबट झालाय हे काढलं. जुलै २००५ मध्ये सप्टेंबरच्या परिषदेसाठी त्यांच्या भाषणाचा सारांश ऑनलाइन आला आणि त्यात त्या वस्तूचं घरगुती नाव छापलेलं होतं, के४०५०६ए. ह्या नावाने गूगलवर शोधलं की चिलीमधल्या ज्या दुर्बिणीवर ते निरीक्षणं घेत होते तिचे लॉग उघडत होते, पासवर्ड नाही काही नाही, आणि लॉगमध्ये दुर्बीण कोणत्या रात्री आकाशात कुठे रोखली होती ते सरळ लिहिलेलं.

त्याच आठवड्यात स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या संस्थेतले होसे लुइस ऑर्टिझ आणि त्यांचे सहकारी यांनी, सिएरा नेवाडा वेधशाळेतल्या २००३ च्या जुन्या फोटोंमध्ये आम्हाला एक मोठी वस्तू सापडलीय असं लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरला कळवलं. ब्राउन यांनी आधी चक्क अभिनंदन केलं. मग सर्व्हरच्या नोंदी तपासल्यावर कळलं की ग्रॅनाडाच्या संस्थेच्या कॉम्प्युटरवरून २६ जुलैला ते लॉग बघितले गेले होते, आणि सेंटरला ईमेल गेला २७ च्या रात्री. ब्राउन यांनी आंतरराष्ट्रीय खगोल संघाकडे तक्रार केली. ऑर्टिझ यांनी लॉग बघितल्याचं मान्य केलं, पण त्यांचं म्हणणं असं की वस्तू आम्हाला आधीच सापडली होती, तीच आहे का एवढंच आम्ही ताडून बघितलं, आणि गूगलवर जे मिळतं ते सगळ्यांसाठी खुलंच असतं.

खगोल संघाने काय केलं माहितीये? निकाल दिलाच नाही. २००८ मध्ये नाव ठेवलं ते ब्राउन यांच्या टीमने सुचवलेलं, हौमिया. शोधाचं ठिकाण लिहिलं सिएरा नेवाडा, म्हणजे ऑर्टिझ यांची वेधशाळा. आणि शोधकर्त्याच्या नावाची जागा कोरी ठेवली.

ह्यावर माझं मत स्पष्ट आहे. पासवर्ड नसणं म्हणजे परवानगी नव्हे. दुसऱ्याचा लॉग बघितला तर त्याच दिवशी सांगायचं, "आम्हाला हे सापडलंय, आम्ही तुमचा लॉग बघितला, तुमच्याकडे तीच वस्तू दिसतेय, काय करूया". एवढी एक ओळ लिहिली असती तर आज दोघांची नावं त्या कोऱ्या जागेत असती. पण ब्राउन यांच्या बाजूलाही एक गोष्ट आहे जी बरेच जण विसरतात. त्यांनी शोध काही महिने हातात ठेवला, त्याबद्दल त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली होती, आणि ह्या क्षेत्रात श्रेय द्यायचं तर कक्षा काढता येईल एवढ्या स्थानांच्या नोंदी आधी कोणी पाठवल्या ते बघतात. नोंदी पाठवल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्याकडे दाखवायला तारीख नव्हती. आणि हा धक्का एवढा बसला की ब्राउन यांच्याच टीमने शोधलेल्या बाकीच्या दोन वस्तू, ज्यांना आता आपण एरिस आणि माकेमाके म्हणतो, त्यांची जागाही कोणीतरी लॉगमधून काढेल ह्या भीतीने २९ जुलैला घाईघाईने जाहीर कराव्या लागल्या. विशेष म्हणजे २०१७ मध्ये हौमियाभोवती कडं आहे हे शोधलं ते ऑर्टिझ यांच्याच टीमने, हौमिया एका ताऱ्यासमोरून जाताना युरोपातल्या बऱ्याच दुर्बिणी लावून. ते काम उत्तम आहे, त्याबद्दल कोणालाच शंका नाही. म्हणूनच वाटतं की पहिल्या वेळी एका न पाठवलेल्या ईमेलमुळे एवढं बिनसायला नको होतं.

हे काही इंटरनेटमुळे झालंय असं पण नाही. न्यूटन आणि फ्लॅमस्टीड यांचं भांडण बघा. फ्लॅमस्टीड इंग्लंडचे पहिले राजज्योतिषी, १६७५ पासून ग्रीनिचला, पगार वर्षाला १०० पौंड आणि यंत्रं बरीचशी पदरच्या पैशाने आणलेली. न्यूटनना चंद्राच्या गतीसाठी त्यांची निरीक्षणं हवी होती, लगेच हवी होती. फ्लॅमस्टीड म्हणायचे अजून तपासायची आहेत, अर्धवट छापणार नाही. न्यूटन म्हणायचे राजाच्या पगारावर घेतलेली निरीक्षणं म्हणजे सार्वजनिकच. शेवटी १७१२ मध्ये हॅली यांनी संपादन करून फ्लॅमस्टीड यांच्या मर्जीविरुद्ध त्या निरीक्षणांच्या ४०० प्रती छापल्या, त्यातल्या ३०० च्या आसपास नंतर फ्लॅमस्टीड यांच्या हाती लागल्या आणि त्यांनी त्या जाळून टाकल्या. त्यांना हवा तसा कॅटलॉग १७२५ मध्ये आला, ते वारल्यानंतर. सार्वजनिक पैसा की माझे कष्ट, घाई की अचूकपणा, हे सगळे मुद्दे तेव्हाच बोलून झालेत, आणि मला आजही त्यात फ्लॅमस्टीड यांची बाजू जास्त दुखते कारण स्वतः आकाशाकडे डोळा लावून बसलेल्या माणसालाच माहीत असतं कोणती नोंद पक्की आणि कोणती डळमळीत.

आणि इथेच मालकीचं भांडण अर्थाच्या भांडणात शिरतं. त्यासाठी बायसेप २ ची गोष्ट सांगतो, कारण डेटा वाटून घेतला नाही की अर्थ कसा चुकतो ह्याचं ह्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

१७ मार्च २०१४ ला हार्वर्डमध्ये जाहीर झालं की दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप २ दुर्बिणीला विश्वाच्या जन्माच्या अगदी पहिल्या क्षणातल्या गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची, खूण सापडलीय, सगळ्या आकाशातून येणाऱ्या त्या जुन्या मायक्रोवेव्ह प्रकाशाच्या ध्रुवीकरणात, म्हणजे त्याच्या लहरी कोणत्या दिशेने कंप पावतात त्यात, एक विशिष्ट पीळ दिसतोय. त्या लहरींची ताकद सांगणारा आकडा, ज्याला आम्ही नुसतं आर म्हणतो, तो त्यांनी ०.२ काढला. टीव्हीवर, पेपरात पहिल्या पानावर बातम्या. आता अडचण अशी की आपल्याच आकाशगंगेतली धूळ पण तसाच पीळ उमटवते. धूळ आणि खरा सिग्नल वेगळे करायचे तर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला मोजावं लागतं कारण धूळ वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त चमकते, आणि बायसेप २ एकाच फ्रिक्वेन्सीला बघत होती, १५० गिगाहर्ट्झ. धुळीचा चांगला नकाशा होता तो प्लँक उपग्रहाच्या टीमकडे, ३५३ गिगाहर्ट्झचा, पण त्यांनी आकाशाच्या त्या भागाचा ध्रुवीकरणाचा डेटा तोवर प्रसिद्ध केला नव्हता. दोन टीम एकाच शोधाच्या मागे, म्हणजे उघड स्पर्धा. मग बायसेपच्या लोकांनी धुळीचे जे वेगवेगळे अंदाज केले त्यातला एक चक्क प्लँकच्या एका भाषणातल्या स्लाइडवरून, तिच्यावरचं चित्र डिजिटाइझ करून काढला. स्लाइडवरच्या नकाशात दुसऱ्या उगमांचा प्रकाश मिसळलेला होता की वजा केलेला, हे नुसतं चित्र बघून नक्की कळायला मार्ग नव्हता, आणि धूळ कमी धरली गेली.

दोन-तीन महिन्यांतच फ्लॉगर, हिल आणि स्पर्गेल यांनी दाखवून दिलं की धुळीनेही एवढा सिग्नल येऊ शकतो. जूनमध्ये पेपर जर्नलमध्ये छापून आला तेव्हा स्लाइडवरचा अंदाज काढून टाकलेला होता आणि भाषा बरीच सावध झालेली. सप्टेंबरमध्ये प्लँकने त्या भागातली धूळ प्रसिद्ध केली, ती जवळपास सगळ्या सिग्नलएवढी भरेल अशी होती. आणि मग दोन्ही टीमनी जे आधी व्हायला हवं होतं ते केलं, डेटा एकत्र ठेवला, एकत्र विश्लेषण केलं, २०१५ च्या सुरुवातीला एकत्र पेपर लिहिला. निकाल, आर ०.१२ पेक्षा कमी, म्हणजे लहरी सापडल्या असं म्हणता येत नाही.

ह्यात बायसेपचं मोजमाप चुकलं नव्हतं हे लक्षात घ्या. पीळ होताच, त्यांनी तो अप्रतिम मोजला होता, चुकला तो अर्थ, आणि अर्थ चुकला कारण लागणारा डेटा दुसऱ्याच्या कपाटात कुलूपबंद होता आणि मागून घेण्याऐवजी कुलपाच्या भोकातून बघितला. मी प्लँकलाही दोष देत नाही, त्यांचा नकाशा खरंच तयार नव्हता, कच्चा नकाशा वाटला असता तर वेगळीच घाण झाली असती. आणखी एक श्रेय बायसेपला द्यायलाच पाहिजे, पेपरबरोबरच त्यांनी आपले आकडे खुले ठेवले होते, म्हणून तर बाहेरच्यांना इतक्या लवकर तपासता आलं. जे लोक आकडे लपवतात त्यांच्याबद्दल वाद वर्षानुवर्षं चालतात.

त्याचं उदाहरण घरचंच आहे. जुलै २०१८ मध्ये बंगळुरूच्या आयआयएससीमधून प्रीप्रिंट आला की सोन्यात चांदीचे नॅनोकण घालून केलेल्या पदार्थात २३६ केल्विनला, म्हणजे उणे ३७ सेल्सिअसच्या आसपास, अतिवाहकता दिसते, म्हणजे वीज कसलाही रोध न होता वाहते. एमआयटीतल्या ब्रायन स्किनर यांच्या लक्षात आलं की आलेखातल्या दोन वेगळ्या मापनांमधला नॉइज ठिपक्याला ठिपका सारखा आहे. नॉइज म्हणजे अपघाताने येणारी थरथर, ती दोन वेळेला तंतोतंत सारखी यायला काहीतरी कारण पाहिजे. मग सगळ्यांची मागणी एकच, कच्चा डेटा दाखवा, सॅम्पल दुसऱ्या लॅबला द्या. महिनोन्‌महिने त्यावर तर्कवितर्क झाले, काही जणांनी त्याला भौतिक कारण असू शकेल अशीही बाजू मांडली, आणि मे २०१९ मध्ये जास्त लेखक आणि जास्त तपशील असलेली नवी आवृत्ती आली. खरं खोटं मी इथे ठरवत नाही, पण पहिल्याच आठवड्यात कच्च्या फायली समोर आल्या असत्या तर चर्चा पदार्थाबद्दल झाली असती, माणसांबद्दल नाही.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं "सगळं खुलं करा" म्हणणंही अर्धवट आहे. कच्चा डेटा एकटा काही सांगत नाही. जीएमआरटीचा डेटा ज्याने हाताळलाय त्याला माहितीये, ३० अँटेनांपैकी एखादा रात्रीतून मध्येच बिघडलेला असतो, मोबाइल टॉवरचा उपद्रव एखाद्या बँडमध्ये असतो, आणि ते बऱ्याचदा फक्त लॉगमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं किंवा ज्याने निरीक्षण घेतलं त्याच्या डोक्यात असतं. बाहेरच्या माणसाने फाइल उतरवली आणि ती ओळ वाचली नाही तर त्याला नॉइजमध्ये सिग्नल दिसणार. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या संपादकांनी दुसऱ्यांचा डेटा वापरणाऱ्यांना काही जण संशोधनातले परजीवी म्हणतात असं संपादकीयात लिहिलं आणि जगभर संताप झाला, झालाच पाहिजे होता, शब्द अपमानकारक होता. पण त्यामागची एक काळजी खरी होती की निवडी कशा केल्या ते माहीत नसताना केलेलं विश्लेषण चुकू शकतं. त्यावर उपाय डेटा लपवणं नाही, लॉगसकट देणं हा आहे.

आणि हे जमतं, जमलंय. पल्सारच्या, म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, ठोक्यांवरून कमी फ्रिक्वेन्सीच्या गुरुत्वीय लहरी शोधणारे अमेरिकेचे, युरोपचे, ऑस्ट्रेलियाचे, चीनचे ग्रुप आहेत, आपल्या इनपीटीए ह्या भारतीय ग्रुपने जीएमआरटीचा डेटा युरोपच्या डेटाला जोडला, आणि जून २०२३ च्या शेवटी सगळ्यांनी एकाच दिवशी आपापले निकाल जाहीर केले. कोणाचा पुरावा जास्त भक्कम, कोणाचा कमी, तो फरक तसाच ठेवला, कोणी दुसऱ्याचं चोरलं असं म्हटलं नाही, कारण कोण काय कधी जाहीर करणार हे आधी ठरलेलं होतं.

आता तुमचं. पहिलं म्हणजे तारखा काढा. निरीक्षण कधी झालं, राखीव मुदत कधी संपते, प्रीप्रिंट कधी आला. मुदतीच्या आत असेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून तसंच दिसतंय, तर हे तुमच्या भावनेचं प्रकरण नाही, दुर्बिणीच्या नियमाचं आहे, आणि ते प्रपोजलचा पीआय, म्हणजे मुख्य संशोधक, जो असेल त्याने दुर्बिणीच्या टाइम देणाऱ्या कमिटीला कळवायचं. बहुधा पीआय तुमचे गाईड असतील. त्यांना आधी विचारा, स्पष्ट विचारा, त्यांनी डेटा दिला होता का. मी मध्ये पडलो त्यातल्या एका प्रकरणात गाईडनेच जेवताना "घ्या की, वापरा" म्हटलेलं निघालं आणि विद्यार्थ्याला पत्ताच नव्हता. तसं असेल तर भांडण दुसऱ्या ग्रुपशी नाहीच, ते गाईडशी शांतपणे बोलायचं आहे आणि लेखकांमध्ये नाव मागायचं आहे, आभारात नाही. निरीक्षण घेऊन डेटा साफ करणं हे माझ्या मते लेखक होण्याइतकं काम आहे, आणि हे तुम्ही संकोच न करता बोला, तुम्ही विद्यार्थिनी आहात म्हणून तो हक्क कमी होत नाही. मुदत संपली असेल तर मात्र वापराबद्दल तक्रार सोडा, फक्त डेटाच्या प्रोजेक्ट कोडचा आणि तुमच्या कामाचा उल्लेख नीट करा एवढं मागा.

अर्थाच्या बाबतीत लगेच खंडनाचा पेपर लिहायला बसू नका. त्यांनी तुमची साफ केलेली फाइल वापरली की आर्काइव्हमधली कच्ची, हे बघा. कोणते अँटेना काढले, फ्लक्सचं, म्हणजे रेडिओ प्रकाशाच्या तीव्रतेचं, प्रमाण कोणतं धरलं, बॅकग्राउंड कसं वजा केलं, हे त्यांना विचारा आणि तुमचंही सांगा. निम्म्या वेळा उलटा निष्कर्ष एका फ्लॅगच्या फायलीत सापडतो. त्यांच्या पद्धतीने तुमची फाइल आणि तुमच्या पद्धतीने त्यांची, असं दोन्ही बाजूंनी चालवून बघायला सुचवा. ते तयार झाले तर बायसेप आणि प्लँकसारखा एकत्र पेपर होऊ शकतो, नाही झाले तर तुम्ही तुमचा स्वतंत्र पेपर काढा, त्यात त्यांच्या निकालाशी फरक का पडतो ते एका भागात लिहा आणि विश्लेषणाचा कोड सोबत ठेवा.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी, म्हणजे उद्या सकाळीच, तुमचे निरीक्षणाच्या रात्रीचे लॉग, फ्लॅगच्या फायली आणि सर्व्हरवर डेटा कधी टाकला, कोणाला वाचायची परवानगी होती ते सगळं तारखांसकट एका ठिकाणी कॉपी करून गाईडना ईमेलने पाठवा. त्या ईमेलमध्ये आरोपाचा एकही शब्द नको, नुसतं "संदर्भासाठी पाठवतेय" एवढं पुरे.